पडद्यावरचे ब्युरेट आणि खारपाणपट्ट्याचे पाणी

वऱ्हाडात आम्ल आणि आम्लारी हा नुसता पुस्तकातला धडा नाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे पावणेपाच लाख हेक्टरांवर पसरला आहे. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर या तालुक्यांतल्या कितीतरी गावांत बोअरला मचूळ पाणी लागते आणि काळ्या चिकण जमिनीचा सामू बहुधा आठाच्या वर असतो. दक्षिणेला लोणारच्या सरोवराचे पाणी दहाच्या आसपास सामू असलेले. वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागा, म्हणजे सायट्रिक आम्ल झाडाला लटकलेले. उन्हाळ्यात घरोघरी पापडखार विकत आणला जातो, तोही आम्लारीच.

इतके सगळे दाराशी असताना आपला विद्यार्थी सामू शिकतो तो लिटमसच्या पट्टीवर आणि पाठ केलेल्या व्याख्येवर. नववीत ‘आम्ल, आम्लारी व क्षार’ हा धडा येतो, अकरावीत अनुमापनाचा प्रयोग येतो, बारावीला रसायनशास्त्राच्या शंभर गुणांपैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. एवढ्या वाटेवर त्याने स्वतःच्या हाताने ब्युरेटची चावी किती वेळा फिरवली, हा प्रश्न मात्र कोणी फारसा विचारत नाही. गेल्या पंधरा वर्षांत या उणिवेवर एक उपाय पुढे आला आहे : संगणकावरची किंवा मोबाइलवरची आभासी प्रयोगशाळा. ती कुणाची आहे, तिच्या आत काय चालते, तिने काय शिकवता येते, काय मुळीच येत नाही, आणि अमरावती-अकोल्याच्या वर्गात तिची जागा नेमकी कुठे, हे एकदा सविस्तर पाहायला हवे. कारण सध्या तिच्याबद्दल दोनच मते ऐकू येतात. काहींना ती प्रयोगशाळेची बचत वाटते, तर काहींना निव्वळ खेळ. माझ्या मते दोघेही चुकतात.

आधी उपलब्ध काय आहे ते पाहू. केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञानाद्वारे शिक्षण या राष्ट्रीय मिशनची सुरुवात २००९ साली झाली. त्यातून ‘व्हर्च्युअल लॅब्स’ हा प्रकल्प उभा राहिला. समन्वय आयआयटी दिल्लीचा. आयआयटी मुंबई, पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय, अमृता विश्व विद्यापीठम् अशा संस्था त्यात सहभागी. तो प्रामुख्याने पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. शाळेसाठी अमृता आणि सी-डॅक मुंबई यांनी मिळून ‘ओलॅब्स’ तयार केले. नववी ते बारावीचे प्रयोग, प्रत्येकाला सिद्धांत, कृती, ॲनिमेशन, प्रत्यक्ष करून पाहायचा सिम्युलेटर, चित्रफीत आणि तोंडी परीक्षेचे प्रश्न असा त्याचा साचा आहे. सामू मोजणे, आम्ल-आम्लारींचे गुणधर्म, अनुमापन हे सगळे त्यात येते. ओलॅब्स विनामूल्य आहे आणि मराठीतही उपलब्ध आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकणाऱ्या मुलीच्या दृष्टीने ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच मोलाची.

परदेशी साधनांपैकी सर्वांत जास्त वापरले जाणारे म्हणजे कोलोरॅडो विद्यापीठाचे ‘फेट’. भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले कार्ल वीमन यांनी ते २००२ मध्ये सुरू केले. सामूची पट्टी आणि आम्ल-आम्लारी द्रावणे अशी दोन सिम्युलेशन्स आपल्या विषयाची. फेटची बरीच सिम्युलेशन्स मराठीत आली आहेत, आणि ती एकदा उतरवून घेतली की इंटरनेट नसतानाही चालतात. तिसरे नाव कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘केमकलेक्टिव्ह’चे. डेव्हिड यॅरन आणि सहकाऱ्यांनी बनवलेल्या या प्रयोगशाळेत साठ्याच्या खोलीतून हवी ती द्रावणे काढता येतात, हव्या त्या प्रमाणात मिसळता येतात, आणि प्रत्येक पात्रात कोणता आयन किती आहे हे बाजूला दिसत राहते. पदवीच्या पहिल्या वर्षाला याहून चांगले साधन मला माहीत नाही, पण भाषा इंग्रजी आणि मांडणी थोडी रुक्ष. पैसे भरून घ्यायची, त्रिमितीत दिसणारी, झगमगीत सॉफ्टवेअरेही बाजारात आहेत. आपल्या अनुदानित महाविद्यालयांनी त्यांच्या नादी लागण्याचे काही कारण नाही.

या साधनांच्या आत काय चालते हे विद्यार्थ्याला सांगितले पाहिजे, नाहीतर ते जादूचे खेळ वाटतात. पडद्यावर ब्युरेटमधून थेंब पडतो तेव्हा संगणक एक समीकरण सोडवतो : पाण्याचा आयनगुणाकार, आम्लाचा विघटन स्थिरांक, आणि द्रावणातले धन व ऋण प्रभार समान असले पाहिजेत ही अट. त्यातून हायड्रोजन आयनांची संहती निघते, तिचे ऋण लॉगॅरिदम म्हणजे सामू. सोरेन सोरेन्सन यांनी १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडलेली ही पट्टी. एका द्रावणासाठी हे गणित कागदावर करायला चांगल्या विद्यार्थ्यालाही वेळ लागतो. यंत्र ते प्रत्येक थेंबाला करते आणि आलेख काढत जाते.

त्या आलेखातच या सॉफ्टवेअरचे खरे बळ आहे. २५ मिलिलिटर ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल घ्या आणि ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड सोडत जा. सुरुवातीला सामू १. वीस मिलिलिटर ओतून झाले तरी तो जेमतेम १.९५. म्हणजे चार पंचमांश आम्ल संपले आणि सामू एकानेही हलला नाही. २४.९ मिलिलिटरला तो ३.७ असतो. २५.१ मिलिलिटरला १०.३. मधल्या ०.२ मिलिलिटरमध्ये, म्हणजे साधारण चार थेंबांत, सामू साडेसहा एककांची उडी मारतो. खऱ्या प्रयोगात विद्यार्थ्याला दिसते ते एवढेच की बराच वेळ काही झाले नाही आणि एकदम गुलाबी झाले. का झाले, हे त्याला आलेखावर दिसते. फिनॉल्फ्थॅलीनचा रंगबदल सामू ८.२ ते १० च्या दरम्यान होतो आणि मेथिल ऑरेंजचा ३.१ ते ४.४ मध्ये. असे असूनही या प्रयोगात दोन्ही दर्शक का चालतात, याचे उत्तर त्या उभ्या कड्यात आहे. दोन्हींचे पट्टे कड्याच्या उंचीतच येतात.

आता हायड्रोक्लोरिकच्या जागी ॲसिटिक आम्ल ठेवा. सुरुवात २.९ वरून, अर्ध्या वाटेवर ४.७६, आणि समतुल्य बिंदू सातला नाही तर ८.७ ला. इथे मेथिल ऑरेंज घातले तर साडेसात मिलिलिटरच्या आसपासच रंग पुरता बदलून जाईल, म्हणजे एक तृतीयांश वाटेवरच प्रयोग संपल्याची चुकीची खूण मिळेल. ही चूक प्रत्यक्ष प्रयोगशाळेत मुद्दाम करून दाखवायला द्रावण, वेळ आणि शिक्षकाची तयारी लागते. पडद्यावर ती कुठलीही मुलगी दोन मिनिटांत करून पाहू शकते, आणि चुकल्याबद्दल कोणी तिला ओरडत नाही.

दुसरी गोष्ट तीव्र आम्ल आणि संहत आम्ल यांतल्या गोंधळाची. वर्षानुवर्षे शिकवूनही हा गोंधळ बारावीपर्यंत टिकतो. ०.००१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू ३, आणि ०.१ मोलर ॲसिटिक आम्लाचा साधारण २.९. सामूमापकावर दोन्ही जवळजवळ सारखीच. उदासिनीकरणाला मात्र दुसऱ्याला पहिल्याच्या शंभरपट आम्लारी लागते, कारण त्याचे शेकडा एक-सव्वाच रेणू विघटित झालेले असतात आणि बाकीचे मागे वाट पाहत उभे असतात. फेटच्या सिम्युलेशनमध्ये तीव्रता आणि संहती यांच्या दोन वेगळ्या पट्ट्या आहेत. एक सरकवली, मग दुसरी. भिंगातून रेणू पाहिले, दिव्याचा उजेड पाहिला, की हा भेद डोळ्यांना पटतो. काचेच्या पात्रात तो कधीच दिसणार नाही. ग्लासगोचे रसायनशिक्षक ॲलेक्स जॉन्स्टन सांगत असत की रसायनशास्त्र एकाच वेळी तीन पातळ्यांवर चालते : डोळ्यांना दिसणारी, रेणूंची, आणि चिन्हांची. आपली प्रयोगशाळा पहिली पातळी दाखवते, फळा तिसरी. मधली पातळी दाखवायला आजवर काही नव्हते. ती पोकळी या साधनांनी भरली, आणि म्हणूनच त्यांना खेळ म्हणून उडवून लावणे मला मान्य नाही.

संशोधन काय म्हणते? नाखलेह आणि क्रॅजिक यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आम्ल-आम्लारीचे अनुमापन तीन प्रकारे करवले : दर्शक वापरून, सामूमापकाने, आणि संगणकाला जोडलेल्या सामूमापकाने. आलेख डोळ्यांसमोर घडताना पाहिलेल्या विद्यार्थ्यांची समज सर्वांत जास्त वाढली. इथे द्रावण खरे होते, हे विसरू नये. २००५ साली फेटच्याच गटाने विद्युत मंडलांवर केलेल्या अभ्यासात सिम्युलेशनवर शिकलेले विद्यार्थी खरे मंडल जोडण्यातही सरस ठरले. २०१५ मध्ये ब्रिन्सन यांनी अशा अनेक अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा आभासी आणि दूरस्थ प्रयोगशाळांचे निकाल बहुतेक ठिकाणी प्रत्यक्ष प्रयोगशाळेच्या बरोबरीचे किंवा वरचढ निघाले. पण बहुतेक अभ्यासांनी मोजले होते ते आशयाचे ज्ञान. हाताचे कौशल्य, चूक ओळखण्याची नजर, मोजमापावरचा विश्वास-अविश्वास हे फारसे मोजलेच गेले नव्हते. त्याआधी २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात डी याँग, लिन आणि झकारिया यांनी मांडलेला निष्कर्ष मला सर्वांत समतोल वाटतो : दोन्ही प्रकारांची बलस्थाने वेगळी आहेत, आणि त्यांची नीट सांगड घातली तर एकट्या कुठल्याही प्रकारापेक्षा जास्त शिकता येते.

सांगड घालायची म्हणजे आधी पडद्यावर काय नाही याची यादी मनाशी हवी. पडद्यावरच्या ब्युरेटच्या टोकात हवेचा बुडबुडा अडकत नाही. ते आधी द्रावणाने विसळून घ्यावे लागत नाही. वाचन घेताना डोळा वर-खाली होत नाही. सोडियम हायड्रॉक्साइडची बाटली उघडी राहिली म्हणून ते हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून कमजोर होत नाही. गुलाबी रंग आला आणि अर्ध्या मिनिटात विरला, आता हा अंतिम बिंदू मानायचा की नाही, असा पेच तिथे पडत नाही. अकोल्याचा किंवा अमरावतीचा कापूस व्यापारी धागा चिमटीत ओढून कापसाची प्रत ठरवतो, आणि ती पारख चित्र पाहून कुणाला आलेली नाही. शेवटचा अर्धा थेंब काचेच्या टोकावर धरून पात्राच्या कडेने आत ओढून घेणेही तसेच आहे.

तापमानाचा मुद्दा तर खास वऱ्हाडाचा. ही सिम्युलेशन्स सहसा २५ अंश सेल्सिअस गृहीत धरतात, आणि उदासीन पाण्याचा सामू नेमका ७ दाखवतात. आपल्याकडच्या काचेच्या मापपात्रांवर बऱ्याचदा २७ अंश लिहिलेले असते. आणि अकोल्याचा उन्हाळा ४५ अंशांना टेकतो. त्या तापमानाला शुद्ध, उदासीन पाण्याचा सामू ६.७ च्या जवळपास असतो. पाणी आम्लधर्मी झालेले नसते. हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल दोन्ही आयन सारखेच वाढलेले असतात. सात म्हणजे उदासीन हे सूत्र पाठ करून बसलेल्या विद्यार्थ्याला एप्रिलच्या दुपारी सामूमापकाने काही वेगळे दाखवले, तर तो यंत्रालाच खोटे ठरवेल. पडद्यावर शिकलेला विद्यार्थी तर नक्कीच.

आणखी एक उणीव. फेटच्या आम्ल-आम्लारी सिम्युलेशनमध्ये एका वेळी एकच द्रावण असते. आम्लात आम्लारी मिसळायची सोयच नाही. सामूच्या पट्टीत कॉफी आहे, संत्र्याचा रस आहे, चिकन सूप आहे, विहिरीचे पाणी नाही. ओलॅब्समध्ये अनुमापन आहे, पण वाट ठरलेली. आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की क्षार आणि पाणी, इथपर्यंत बहुतेक साधने नेऊन सोडतात. खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याला कृषी अधिकारी जिप्सम टाकायला सांगतो, तेव्हा विज्ञान शिकलेल्या त्याच्या मुलाला वाटते की जिप्सम हे आम्ल असणार. ते आम्ल नाही. जिप्सममधले कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमला हुसकावते, सोडियम कार्बोनेटचे रूपांतर न विरघळणाऱ्या कॅल्शियम कार्बोनेटमध्ये होते, सोडियम सल्फेट पाण्याबरोबर निचरून जाते आणि मग सामू खाली येतो. निचरा नसेल तर जिप्सम टाकूनही उपयोग मर्यादित. हे रसायन कुठल्याही तयार सिम्युलेशनच्या पानावर मला सापडलेले नाही, आणि आपल्या भागात तर तेच सर्वांत जास्त कामाचे आहे.

आता जमिनीवरची परिस्थिती. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे येतात. १९२३ साली किंग एडवर्ड कॉलेज म्हणून सुरू झालेल्या अमरावतीच्या शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्थेसारख्या जुन्या संस्थांत रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांची परंपरा मोठी आहे. डॉ. पंजाबराव देशमुखांनी उभ्या केलेल्या शिवाजी शिक्षण संस्थेने विज्ञान महाविद्यालये गावोगाव नेली, आणि अकोल्यात १९६९ मध्ये स्थापन झालेले कृषी विद्यापीठ त्यांच्याच नावाचे. तिथे माती-पाण्याचा सामू मोजणे हे रोजचे काम. परंपरेची वाण नाही. अडचण आहे ती कनिष्ठ महाविद्यालयांत. अकोला हे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या शिकवण्यांसाठी विदर्भभर ओळखले जाते. नाव खेड्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयात आणि विद्यार्थी दिवसभर शहरातल्या शिकवणीत, ही व्यवस्था आता कुणापासून लपलेली नाही. मग प्रात्यक्षिकाची वही वर्षाच्या शेवटी एकमेकांची पाहून भरली जाते. पायलट रीडिंग, मग तीन रीडिंग, त्यातून ‘सी.बी.आर.’ म्हणजे स्थिर ब्युरेट वाचन, आणि तिन्ही आकडे एकमेकांशी इतके जुळलेले की खऱ्या प्रयोगात तसे येणे अवघडच. गंमत म्हणजे नीट आणि जेईई या दोन्ही परीक्षांच्या अभ्यासक्रमात आता प्रात्यक्षिक रसायनशास्त्राची तत्त्वे आहेत, अनुमापन आणि दर्शकांसह. प्रयोगशाळा टाळून जिची तयारी केली, ती परीक्षाच प्रयोगशाळेतले प्रश्न विचारू लागली आहे.

आम्लाच्या साठ्याचाही एक प्रश्न आहे. ॲसिड हल्ल्यांच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार शिक्षणसंस्थांना आम्लाच्या वापराची नोंदवही ठेवावी लागते आणि साठ्याला एक जबाबदार व्यक्ती नेमावी लागते. निर्देश योग्यच आहेत. पण जिथे प्रयोगशाळा सहायकाची जागा रिकामी आहे, तिथे मुख्याध्यापकाला कपाट बंद ठेवणे सोपे वाटते. मग संगणकावर प्रयोग झाला, वहीत सही झाली, विषय संपला.

करोनाच्या काळाने ही सवय पक्की केली. मार्च २०२० पासून प्रयोगशाळा बंद होत्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेची चाहूल देशात सर्वांत आधी लागली त्या भागांत अमरावती आणि अकोला होते, आणि अमरावतीत पुन्हा टाळेबंदी आली. त्या वर्षी राज्याची दहावी-बारावीची परीक्षाच रद्द झाली. तेव्हा आभासी प्रयोगशाळेशिवाय दुसरा मार्ग नव्हता, आणि ज्या शिक्षकांनी तेव्हा धडपडून ही साधने शिकून घेतली त्यांचे ऋण मानले पाहिजे. त्याच सुमारास आणखी एक धक्का बसला. डिसेंबर २०२० अखेर फ्लॅश हे तंत्रज्ञान बंद झाले आणि त्यावर लिहिलेली कितीतरी जुनी सिम्युलेशन्स उघडेनाशी झाली. पुष्कळशी नव्याने लिहावी लागली. काचेचे ब्युरेट नीट सांभाळले तर वीस वर्षे चालते. सॉफ्टवेअरला मात्र सतत कुणीतरी वाली लागतो.

सरकारचे धोरण या साधनांच्या बाजूने आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आभासी प्रयोगशाळांचा उल्लेख आहे, आणि २०२२-२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात विज्ञान व गणिताच्या ७५० आभासी प्रयोगशाळांची घोषणा झाली. मला इथे एकच धोका दिसतो. आभासी प्रयोगशाळा आहे म्हणून खरी प्रयोगशाळा नको, हा हिशेब कोणी मांडू लागले, तर त्याचा पहिला फटका मेळघाटातल्या आश्रमशाळेला बसेल, शहरातल्या महागड्या शाळेला नाही. धारणी-चिखलदऱ्याच्या शाळेत आधीच नेटवर्क येते-जाते, आणि घरी कोरकू बोलणाऱ्या मुलाला सिम्युलेशनची मराठीही दुसरी भाषाच असते. त्याला खरे तर हाताने करायचा प्रयोग जास्त हवा. हळदीच्या पाण्यात पापडखार टाकला की ते लाल होते, लिंबू पिळले की पुन्हा पिवळे. लाल अंबाडीच्या बोंडांचा किंवा जास्वंदीचा अर्क आम्लात लालभडक राहतो आणि आम्लारीत हिरवट होतो. यासाठी वीजही लागत नाही. त्यानंतर उतरवून घेतलेले सिम्युलेशन एका लॅपटॉपवर दाखवले, तर रंग का बदलला हा प्रश्न विचारायला मुले आपणहून पुढे येतात.

मग जागा कुठली? माझ्या मते प्रयोगाच्या आधी आणि प्रयोगाच्या नंतर. प्रयोगाच्या ऐवजी कधीच नाही. आधी अशासाठी की ब्युरेट हातात घेताना विद्यार्थ्याला कुठे सावकाश जायचे ते ठाऊक असावे. पन्नास मुलांच्या तुकडीला मोजकी ब्युरेटे असतात तेव्हा त्याने पहिले द्रावण वाया घालवू नये. नंतर अशासाठी की त्याचा आलेला आकडा आणि पडद्यावरचा आकडा का जुळत नाहीत, याची कारणे त्याला लिहायला लावता यावीत. हा फरकच खरे शिकवतो. खऱ्या प्रयोगात २४.६ आले आणि पडद्यावर २५ आले, तर ०.४ गेले कुठे, हे शोधणारा विद्यार्थी अचूक आकडा वहीत उतरवणाऱ्यापेक्षा पुष्कळ पुढे गेलेला असतो. रंगांधळ्या मुलांचाही विचार इथे करायला हवा. मेथिल ऑरेंजचा पिवळा-लाल बदल काहींना दिसतच नाही. आकड्यात सामू दाखवणारे सिम्युलेशन त्यांना प्रयोग समजायला मोठा आधार देते.

आणि प्रयोगाचे द्रव्य आपले असावे. खारपाणपट्ट्यातल्या पाण्याची क्षारता मोजणे हे शुद्ध आम्ल-आम्लारी अनुमापन आहे, आणि जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळा ते नेहमी करतात. ५० मिलिलिटर पाणी घ्या. फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाका. रंग आला नाही तर कार्बोनेट नाही, बायकार्बोनेट असू शकते. मग मेथिल ऑरेंज घालून ०.०२ नॉर्मल सल्फ्युरिक आम्लाने अनुमापन करा. समजा २० मिलिलिटर लागले, तर क्षारता लिटरमागे ४०० मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्षारतेची स्वीकार्य मर्यादा २०० आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात, सामू ६.५ ते ८.५. आपल्या घरच्या बोअरचा आकडा या तक्त्यात कुठे बसतो हे कळले, की मोलरता आणि नॉर्मलता यांची भीती जाते. शिवाय घरोघरी मृद आरोग्य पत्रिका आहेत, त्यांत जमिनीचा सामू छापलेला आहे. तो आकडा फेटच्या ‘माझे द्रावण’ या भागात टाकून पाहायला सांगा. लोणारचा १० टाकून पाहायला सांगा. २०२० च्या जूनमध्ये सरोवर गुलाबी झाले ते क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे, हे शास्त्रज्ञांनी दाखवले आहे. त्या पाण्यात हायड्रॉक्सिल आयन उदासीन पाण्याच्या हजारपट असतात, हे मुलांनी स्वतः मोजून काढले तर ते आठवणीत राहील.

अमरावती विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाकडे आणि राज्य मंडळाकडे माझे दोन आग्रह आहेत. पहिला, प्रात्यक्षिक परीक्षेतल्या अनुमापनाचे गुण प्रत्यक्ष काचेच्या ब्युरेटवरच द्यावेत. सिम्युलेशनला गुण द्यायचे तर ते तयारीचे वेगळे द्यावेत. दुसरा, वऱ्हाडातल्या रसायनशास्त्राच्या आणि संगणकशास्त्राच्या विभागांनी मिळून खारपाणपट्ट्याच्या पाण्याचे आणि जिप्सम टाकलेल्या जमिनीचे एक मराठी सिम्युलेशन तयार करावे. पदव्युत्तर प्रकल्पांत हे काम सहज बसेल. समीकरणे माहीत आहेत, जमिनीची आणि पाण्याची मोजमापे कृषी विद्यापीठाकडे आहेत, आणि असे सिम्युलेशन ब्राउझरमध्ये चालवायला कुठला परवाना विकत घ्यावा लागत नाही.

शिक्षकांनी मात्र त्याची वाट पाहू नये. ओलॅब्स आणि फेट आजच विनामूल्य आहेत. येत्या सत्रात अनुमापनाच्या तासाला विद्यार्थ्यांना आपापल्या गावच्या पाण्याची एक-एक बाटली आणायला सांगा, आधी पडद्यावर आणि मग ब्युरेटवर मोजायला लावा, आणि आलेले आकडे गावाच्या नावासह फळ्यावर लिहा.